लपणातली कुजबुज

चष्मेवाल्याने त्या माणसाला ओळखलं ते पाठमोरं, आणि तेही दुकानाचं काचेचं दार त्याच्यामागे बंद झाल्यावर. उजवा खांदा किंचित खाली, मान पुढे, आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी बारीकशी अडखळ; पुढची जमीन धरणार की सोडणार याचा अंदाज घ्यायचा आणि मगच वजन टाकायचं. सपाट फरशीच्या पदपथावर चिखलातून चालल्यासारखा चालणारा माणूस सबंध शहरात एकच असणार. तो मुलीचा दंड धरून टॅक्सीपर्यंत गेला. दार उघडायला त्याने हात पुढे केला तो मुठीच्या वीतभर बाजूला पडला, मग चाचपत मुठीवर आला, आणि टॅक्सी निघून गेली. चष्मेवाल्याच्या हातात काच पुसायचं मऊ फडकं होतं, ते तसंच हवेत राहिलं. "पाणकावळा!" तो एकदम म्हणाला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर करून "कुठाय?" विचारलं. "कुठे नाही," तो म्हणाला. बाईंनी पुन्हा फ्रेमी लावायला घेतल्या. सर अधूनमधून दाराबाहेरच्या तारेकडे बघून असं काहीबाही बोलतात, हे त्यांनी नोकरीबरोबरच पदरात घेतलं होतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत पुढचं गिऱ्हाईक यंत्राला हनुवटी लावून केव्हाचं तयार बसलं होतं. चष्मेवाला आत गेला, दिवा बारीक केला, आणि त्या परक्या डोळ्यात बघता बघता त्याला आपण नुकतंच काय करून बसलो ते हळूहळू, अंगात ताप चढत जावा तसं, कळत गेलं.

कारण पाचदहा मिनिटांपूर्वी ह्याच खुर्चीत पाणकावळा बसला होता. मुलगी घेऊन आली होती. कार्डावर नाव, फोन, सगळं मुलीचंच. चष्मेवाल्याला दोन दिवस सर्दी होती म्हणून तोंडावर मास्क होता. खोलीत अंधार होता. म्हाताऱ्याच्या डोक्यावर ती कडा तुटलेली हिरवी टोपी नव्हती, दाढी गुळगुळीत केलेली होती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. एवढ्यावर चष्मेवाला फसला. कबूल करायला हवं की तो थोडाबहुत रोजच फसत असे, कारण दिवसभरात इतके डोळे बघितल्यावर त्यांच्याभोवती माणूस असतो हे त्याच्या लक्षात राहत नसे. त्याने नेहमीचा खणखणीत दुकानी आवाज लावला. "कपाळ पट्टीला टेकवा, आजोबा. वर बघा. खाली बघा. शाब्बास." मग चौकटी आखलेला कागद पुढे धरला. "मधला ठिपका दिसतोय?" "ठिपका आहे का मध्ये?" म्हाताऱ्याने विचारलं. "रेघा सरळ आहेत ना?" "कडेच्या आहेत. मधल्या वितळल्यात." मग चष्मेवाल्याने ते भाषण केलं, जे त्याला झोपेत उठवलं तरी पाठ होतं. पडद्याच्या मधोमध डाग पडलाय, चष्मा बदलून उपयोग नाही, आजच मोठ्या डॉक्टरांना दाखवा, इंजेक्शनं देतील, आहे ते टिकेल. आंधळे होणार नाही, कडेचं दिसत राहील, पण समोरचं, चेहरे, अक्षरं, बारीक काही, ते जाणार. म्हाताऱ्याने एकच प्रश्न विचारला होता, "लांबचं बारीक?" आणि चष्मेवाला हसून म्हणाला होता, "लांबचं बारीक तर सगळ्यात आधी. पण आजोबा, ह्या वयात लांबचं बारीक बघून करायचंय काय?" मुलगी म्हणाली होती, "हे पहाटे अंधारात एकटेच लांब जातात हो, ऐकत नाहीत." त्यावर चष्मेवाल्याने मान हलवून निकाल दिला होता. "अजिबात नाही. एकटं सोडू नका. अंधारात तर मुळीच नाही." म्हाताऱ्याने फक्त खिशातून रुमाल काढून, पट्टीवर त्याचं कपाळ टेकलं होतं ती जागा पुसून ठेवली होती. हा असा नीटनेटकेपणा दुसऱ्या कुणात असतो? तेव्हा तरी ओळखायला हवं होतं! पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही.

शहराच्या टोकाला, जिथे बस मोकळी होऊन परत फिरते, तिथून पुढे ती मोठी पाणथळ होती. अर्धं पाणी, अर्धं गवत, मध्ये चिखलाचे सपाट तुकडे आणि सगळ्यावर दमट, जड उकाडा. संरक्षित म्हणून तिला कुंपण होतं, एक फाटक होतं, आणि फाटकापासून आत लाकडी फळ्यांची वाट जात होती ती थेट लपणापर्यंत. लपण म्हणजे पाण्याच्या तोंडाशी उभारलेली फळ्यांची बुटकी खोली. आत एक बाक, समोर आडव्या झडपा. झडप वर करून खुंटीने टेकवायची आणि त्या फटीतून बघायचं. माणूस आत आहे हे पक्ष्यांना कळू नये, एवढाच तिचा उद्देश. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका रविवारी चष्मेवाला पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा लपणाच्या दारात एक मध्यमवयीन गृहस्थ गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, दोन्ही हात पसरून, उन्हाकडे तोंड करून उभा होता. सदरा वाळवत होता. समोर खांबावर एक पाणकावळा अगदी तसाच पंख पसरून उभा होता. चष्मेवाल्याला हसू आवरेना, आणि गृहस्थाने ओठांवर बोट ठेवलं. तिथपासून तो पाणकावळा. त्याचं खरं नाव विचारायची वेळ आली नाही, आणि मग विचारणं विचित्र दिसेल इतका काळ गेला. लपणात कुजबुजायचं असतं, आणि तेही कामापुरतं. "अकरा वाजता. गवताच्या कडेला. खाली." की दुसऱ्याची दुर्बीण घड्याळाच्या अकराच्या दिशेला वळायची. "तुतवार?" "शेपूट हलतंय." "मग तुतवार." एवढ्यात सकाळ जायची. ऊन चढलं की पाणकावळा संत्रं सोलून अर्धं पुढे करायचा, चष्मेवाला थर्मासमधला चहा झाकणात ओतून द्यायचा. फाटकापाशी दोघं हात हलवायचे, पाणकावळा बसने जायचा, चष्मेवाला सायकलने. घर, धंदा, आजारपण, ह्यातलं काहीही त्या फळ्यांच्या आत आलं नव्हतं. दोघांनी एकमेकांचा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. चष्मेवाल्याच्या आयुष्यात वडील गेले, दुकान एकदा बुडता बुडता वाचलं, मुलगा परदेशी गेला. त्या त्या रविवारी तो गेला आणि बसला, आणि पाणकावळ्याने काही न विचारता मोठं अर्धं त्याला दिलं. संत्र्याचं मोठं अर्धं कोणतं हे सांगता येतं, ज्याला कळतं त्याला कळतं.

संध्याकाळी दुकान बंद करून तो चालतच घरी निघाला. रस्त्यावरच्या दिव्यांखाली माणसं येत होती, जात होती, आणि तो प्रत्येकाची चाल बघत होता. मैलभरावरून, नुसत्या पंखांच्या लयीवरून, हा ससाणा आणि ती घार असं छातीठोक सांगणारा माणूस. आणि जिवाभावाचा सोबती हाताच्या अंतरावर, डोळ्याला डोळा लावून बसला तर त्याला आजोबा म्हणतो! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण ह्याहीपेक्षा त्याला दुसरंच टोचत होतं. गेलं वर्षभर तळ्यावर जे घडत होतं त्याचा एकेक तुकडा आता उलटा होऊन पडत होता. पाणकावळा आजकाल पक्षी दिसला की नाव सांगत नसे. "काय वाटतं?" म्हणून थांबे. चष्मेवाल्याला वाटलं होतं, म्हातारा आता आपल्याला मान देतोय. इतक्या वर्षांच्या उमेदवारीनंतर आपण बरोबरीचे झालो. तो मनातून सुखावला होता, घरी येऊन शीळ घालत अंघोळ केली होती. मेल्या, तुला मान नव्हता देत तो, तुझ्याकडून डोळे उसने घेत होता! मग ते तिरकं बघणं. पक्षी समोर असला की पाणकावळा मान वळवून त्याच्या जरा बाजूला बघायचा, कोंबडी दाण्याकडे बघते तसं, एका डोळ्याने. चष्मेवाल्याला ती म्हातारपणाची लकब वाटली होती. दिवसभर लोकांना हेच तर सांगायचा तो, मध्ये दिसत नसेल तर बाजूला नजर ठेवा म्हणजे कडेने दिसेल. आणि एकदा पाणकावळा पाण्यावर तरंगत्या काळ्या डब्याला पाणकोंबडी म्हणाला तेव्हा दोघं तोंडावर हात दाबून किती वेळ हसले होते. चष्मेवाला खराखुरा हसला होता. पाणकावळा कशाला हसला होता ते आता कळत होतं. तो एका बंद दुकानाच्या पायरीवर जरा टेकला. समोर चौकातल्या खांबावर एक कावळा रात्रीची जागा शोधत होता. चष्मेवाल्याने सवयीने त्याच्याकडे बघितलं, मग एक डोळा मिटून अंगठा समोर धरला, कावळ्याच्या बरोब्बर वर, असा की कावळा झाकला जाईल. खांब दिसत होता, तारा दिसत होत्या, गाड्या, पाट्या, माणसं, सगळं होतं. फक्त ज्याच्याकडे बघायचं तेवढंच नव्हतं. अंगठा हलवला तर जिथे बघावं तिथे तो आधीच जाऊन बसलेला. असा अंगठा घेऊन पाणकावळा दर रविवारी त्याच्याशेजारी बसत होता, आणि तरी येत होता.

"मग सांगायचंत ना तिथल्या तिथे, की अहो मी तोच," बायको म्हणाली. ती इस्त्री करत होती, आणि इस्त्री करताना ती जगातल्या सगळ्या घड्या मोडून नीट करू शकते असा तिचा समज होता. बराचसा खराही होता. "ओळखलंच नाही तर सांगू काय?" "बावीस वर्षं बसता हो त्या माणसाजवळ! नाव माहीत नाही, घर माहीत नाही. आम्ही बायका लिफ्टमध्ये चार मजले चढेपर्यंत ह्याच्या दुप्पट माहिती काढतो." "तिथे बोलायचं नसतं." "पक्ष्यांनी तुमचं काय ऐकून काय करायचं होतं? दुसऱ्या तळ्यावर जाऊन सांगणार होते?" चष्मेवाल्याने रुमाल काढून नाक पुसलं. बायकोने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "रडताय की काय?" "सर्दी आहे." "सर्दी परवा होती," ती म्हणाली, आणि त्याचा सदरा उचलून त्यावर पाणी शिंपडत, जरा मऊ आवाजात, "कार्डावर मुलीचा नंबर असेल ना? उद्या फोन करा. म्हणावं, माझं चुकलं. त्यांना सोडा तिथे." इथेच तर गोम होती. त्याचं चुकलं नव्हतं. आजोबा म्हणाला ते चुकलं, हसला ते तर फारच चुकलं. पण डाग होता, आणि पहाटेच्या अंधारात फळ्यांच्या अरुंद वाटेवर, दोन्ही बाजूला पाणी असताना, मधलं न दिसणाऱ्या माणसाला एकटं सोडू नये हे शंभर टक्के बरोबर होतं. दुसरा कुणी म्हातारा असता तर चष्मेवाला आजही तेच म्हणाला असता, आणि रात्री शांत झोपला असता. माणूस आपला निघाला म्हणून सल्ला खोटा कसा होणार? दुसऱ्या दिवशी त्याने कार्ड काढलं, नंबर लावला, पलीकडे घंटा वाजू लागली आणि त्याने ठेवून दिला. मी तळ्यावरचा, म्हणून सांगावं तर मुलगी ओळखणार नाही. मी दुकानातला, म्हणून सांगावं तर ती म्हणेल, तुम्हीच तर बंद करायला सांगितलंत. आणि पाणकावळ्याला कळलं, की आपण कसे अंदाजाने दिवस ढकलत होतो हे ह्याला कळलंय, तर? काही पक्षी असतात, घरटं कुणी बघितलं एवढं जरी त्यांना कळलं तरी ते पुन्हा त्या झाडाकडे फिरकत नाहीत. चष्मेवाल्याला भीती होती ती ह्याची. मुलीने कोंडून ठेवलं तर एक वेळ सोडवता येईल. लाजेने जो आपण होऊन थांबला त्याला कुठून आणणार? आठवडाभर तो हे घोळवत राहिला, दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले, आणि काउंटरवरच्या बाईंनी त्याला प्रथमच सुट्टी घ्यायचा सल्ला दिला.

रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर लपणात जाऊन बसला. झडप वर करून खुंटी लावली. अंधार पातळ होत होता. पाण्याचा वास आला, कुजक्या पानांचा आणि ओल्या फळ्यांचा; हा वास त्याला दुकानात भरदुपारीही कधी कधी यायचा आणि मन एकदम सैल व्हायचं. आज झालं नाही. गवतात लाजरी पाणकोंबडी नळाची धार तांब्यात पडावी तशी ओरडू लागली. मग उजाडलं. समोरचा चिखलाचा सबंध तुकडा भरला होता. पाणटिवळे आले होते, लांब पायांचे, लांब सरळ चोचीचे, दरवर्षी पार उत्तरेकडच्या थंडीतून उतरणारे. शेकडो, दाटीने, बहुतेक एका पायावर, चोच पाठीत खुपसून झोपलेले. त्यांच्यामध्ये बदकं, कडेला शेकाटे. इतके आणि इतक्या जवळ त्याने कधी बघितले नव्हते. दुर्बीण लावायचीही गरज नव्हती. आणि बाकावर शेजारची जागा रिकामी होती. आनंदाची एक मोठी अडचण असते, ती अशी की तो एकट्याला उचलत नाही. चष्मेवाला त्या पक्ष्यांकडे बघत बसला आणि त्याचं लक्ष सारखं मागे, फळ्यांच्या वाटेकडे होतं. ऊन आलं. पाणकावळा इतका उशीर कधी करत नसे. झालं तर मग, त्याने मनाशी म्हटलं, एका वाक्यात संपवलं आपण, आणि तेही हसून.

तेवढ्यात फळ्या वाजल्या. एक पाऊल, अडखळ, दुसरं पाऊल. त्याच्यामागे हलक्या चपलांचा आवाज, तो वाटेच्या निम्म्यात थांबला आणि परत फिरला. दारातून हिरवी टोपी आत आली. पाणकावळ्याच्या खांद्यावर नेहमीसारखी तिपाईसकट मोठी दुर्बीण होती. तो हाताने बाक चाचपून बसला, आणि चष्मेवाल्याला इतकं भरून आलं की त्याने घाईघाईने थर्मास उघडून झाकण त्याच्या हातात दिलं. पाणकावळ्याने चहा घेतला नाही. त्याने दुर्बीण खांद्यावरून उतरवली, तिचे पाय एकेक करून नीट मिटले, आणि ती चष्मेवाल्याच्या मांडीवर ठेवली. "राहू दे," तो कुजबुजला. "कशाला?" "गुडघे. आता नाही जमत." पाणकावळा समोर बघत होता; समोरच्या जरासा बाजूला. मग, त्याच कुजबुजत्या आवाजात, तो बावीस वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. "गुडघे नाही. डोळे. मुलीने आजच्यापुरतं सोडलं, निरोप घ्यायला. फाटकाशी थांबलीय. कुणीतरी एक चष्मेवाला भेटला. म्हणाला, एकटं सोडू नका. बरोबरच म्हणाला असेल. पण वर मला विचारतो, ह्या वयात लांबचं बारीक बघून करायचंय काय." तो थांबला. "आजोबा म्हणाला मला. गाढव."

चष्मेवाल्याने आठवडाभर घोळवलेली सगळी वाक्यं, सगळी आडवळणं, पक्ष्याजवळ जाताना सरळ न जाता तिरकं तिरकं कसं जायचं ते सगळं, कुठल्या कुठे गेलं. "तो मीच," तो कुजबुजला. "काय?" "तो चष्मेवाला. तो मी." पाणकावळ्याने मान वळवली आणि त्याच्या कानाच्या जवळपास कुठेतरी बघितलं. "नाही रे," तो कुजबुजत, जवळजवळ समजूत घालत म्हणाला, "त्याचा आवाज केवढा होता. तू कुठे." खरंच होतं. ह्या फळ्यांच्या आतल्या माणसाला आवाजच नव्हता. नुसती हवा होती. चष्मेवाला ताडकन उठला. "तो गाढव मीच!" तो दुकानातल्या भरदार आवाजात म्हणाला. "मास्क होता माझ्या तोंडावर! माझं दुकान आहे ते!" आणि उठताना त्याचं डोकं खुंटीला लागलं, खुंटी निसटली, आणि झडप धाडकन खाली आदळली. त्याने ती तशीच झटक्यात वर ढकलली आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. चिखल उठला होता. एक क्षण काहीच आवाज नव्हता, मग शेकडो पंखांचा एकच दणका आला, फळ्या थरथरल्या, आणि पाणटिवळे, बदकं, शेकाटे सगळे एकदम हवेत चढले. पंखांवरचे पांढरे पट्टे उन्हात उघडले. थवा डावीकडे फुटला, पुन्हा जुळला, लपणाच्या अगदी कपाळावरून गेला, आणि वळताना सगळा एकदम काळा, मग सगळा एकदम पांढरा झाला. पाण्यावर त्यांची सावली धावत होती. चष्मेवाल्याला शरम वाटली, भीती वाटली. लपणात आवाज करून थवा उठवणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यापलीकडचं. ह्यापेक्षा मोठं पाप पक्षी बघणाऱ्याकडून होत नाही, आणि तो हे सगळ्या नवख्यांना दटावून सांगत आला होता.

त्याने घाबरत शेजारी बघितलं. पाणकावळा उभा राहिला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि त्याचं डोकं थव्याबरोबर हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होतं. बाजूला नाही. बरोब्बर थव्यावर. "दिसलं," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, त्याचा आवाज जाड होता, जरा फाटका, हसऱ्या माणसाचा. "मला दिसलं हे! सगळं दिसलं! पांढरं, काळं, पांढरं!" "दिसणारच!" चष्मेवाला ओरडला. आता कुजबुजायचं कुणासाठी? "मधला डाग असतो, कडा शाबूत असतात! कडेला हलणारं तर जास्तच दिसतं. एवढा मोठा थवा डागात मावतोय कुठे?" पाणकावळा हसू लागला, बाकावर बसला, पोट धरून हसत राहिला, आणि हसता हसताच रुमालाने डोळे पुसले. "टिटवी," तो म्हणाला. "टिटवी ती टिटवीच. सगळं तळं उठवलंस." "कोण टिटवी?" "तू. आम्ही घरी तुला टिटवीच म्हणतो. पहिल्या दिवशी दारात ख्यॅक करून हसला होतास. माझी नातवंडंसुद्धा विचारतात, आज टिटवीने काय दाखवलं." चष्मेवाला मटकन शेजारी बसला. इतकी वर्षं कुठल्याशा अनोळखी घरात, जेवताना, झोपताना, त्याचं नाव निघत होतं. त्याने दुर्बीण मांडीवरून उचलून भिंतीला टेकवली, पुन्हा उचलली, पुन्हा टेकवली.

"आजोबा म्हणायला नको होतं मी," तो शेवटी म्हणाला. "आहेच की आजोबा. दुसरं वाक्य वाईट होतं." "ते फारच वाईट होतं." "होतं," पाणकावळा म्हणाला, आणि खिशातून संत्रं काढून सोलायला लागला. थवा पाण्याच्या पार दुसऱ्या टोकाला फिरत होता. अजून कुठे उतरला नव्हता. "एकटं सोडू नका म्हणालो, ते मात्र बरोबर होतं," चष्मेवाला म्हणाला. "आजही तेच म्हणतो." पाणकावळ्याचे हात थांबले. "म्हणूनच तर निरोप घ्यायला आलो." "एकटं म्हणालो होतो. मुलीला सांगा, चष्मेवाल्याने स्वतः सांगितलंय, बरोबर माणूस असला की झालं. नाहीतर मीच आता फाटकाशी जाऊन सांगतो. डॉक्टरांकडे जायचं, इंजेक्शनं चुकवायची नाहीत, आणि रविवारी मी घ्यायला येईन. माझी सायकल बंद. गाडी आहे माझी, धूळ खात पडलेली असते." पाणकावळा संत्र्याच्या फोडींवर बोटं फिरवत मध्य शोधत होता. "आणि इथे बसून करू काय? थवे रोज नाही उठवायचे." "नाही उठवायचे," चष्मेवाला म्हणाला. "मी सांगेन. गेलं वर्षभर सांगतोच आहे. फक्त आता तुम्ही ओळखल्याचं नाटक करायचं नाही, आणि मी मोठा झालो असं समजायचं नाही." हे बोलताना त्याचा आवाज हलला, आणि सर्दीवर ढकलण्याइतकीही सर्दी आता उरली नव्हती. "राहता कुठे तुम्ही?"

इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न इतका सोपा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पाणकावळ्याने संत्रं मोडलं, दोन्ही अर्धी तळव्यांवर तोलून बघितली आणि एक पुढे केलं. मग त्याच फाटक्या, मोकळ्या आवाजात पत्ता सांगितला: पाण्याच्या टाकीपाशी वळायचं, औषधांच्या दुकानावर तिसरा मजला, लिफ्ट दुसऱ्यावरच अडकते तेव्हा जिन्याने यायचं. चष्मेवाला प्रत्येक खुणेला हं म्हणत होता. "आणि खाली येऊन हॉर्न नको वाजवूस, टिटवी," पाणकावळा म्हणाला. "मी जिन्यात येऊन बसेन. बायकोला रात्रभर झोप नसते, पहाटे कुठे तिचा डोळा लागतो." "नाही वाजवणार," चष्मेवाला म्हणाला. पाणकावळ्याला बायको आहे, आणि इतकी वर्षं तो रविवारी पहाटे तिला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जिना उतरत असणार, हे त्याला आत्ता कळत होतं.